आते सुलाचा नकार

गल्लीतल्या चौदा लग्नांत आते सुला साक्षीदार म्हणून चर्चच्या पुढच्या बाकावर बसली होती, आणि ती चौदाही लग्नं तिनेच लावली होती. लावली म्हणजे बोलणी केली, मध्यस्थी केली, अशातला भाग नाही. तिने फक्त चिडवलं. मनिलाच्या कामुनिंग भागातल्या तिच्या खानावळीत दुपारी कोण कुणाशेजारी बसतं याकडे तिचा एक डोळा असायचा आणि दुसरा भाताच्या पातेल्यावर. तीनचाकी चालवणाऱ्या एखाद्या पोराने शिवणवाल्या मुलीकडे मिठाची बाटली दोनदा सरकवली, की आते सुला हातातली पळी न थांबवता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, की बाबा रे, मीठ तिच्या जेवणात कमी आहे की तुझ्या आयुष्यात? मग सगळी खानावळ त्या दोघांच्या मागे लागायची. पोरगी बाजारात दिसली तरी भाजीवाली विचारायची, तीनचाकी कुठे ठेवलीस? महिनाभर हे चाललं, की त्या बिचाऱ्यांना एकमेकांशिवाय दुसरं काही सुचेनासं व्हायचं.

या चिडवण्याला आमच्याकडे एक शिस्त आहे. चिडवलं की नाही म्हणायचं. ते लाजून, लटक्या रागाने, पाय आपटून म्हणायचं. नकार जितका मोठा तितका होकार पक्का, हे शाळेतल्या पोरांनाही कळतं. जी मुलगी नुसती हसते आणि ‘बघू’ म्हणते, तिचं काही खरं नसतं. जी तावातावाने सांगते, की त्याच्यापेक्षा मी कार्दिनाल पाद्रीबाबांच्या गाढवाशी लग्न करीन, तिच्यासाठी लोक केक ठरवायला धावतात. तोंडाने सरळ हो म्हणणारी बाई आमच्या गल्लीत कुणी पाहिलेली नव्हती. खुद्द आते सुलाचं लग्नही असंच झालेलं. पोन्सोला ती सात महिने नाही म्हणाली आणि अठ्ठावीस वर्षं त्याच्याबरोबर सुखाने राहिली. मूलबाळ झालं नाही. मूत्रपिंडाच्या दुखण्याने पोन्सो गेला त्याला आता नऊ वर्षं झाली होती, आणि आते सुला छप्पन्न वर्षांची होती.

त्या वर्षी एस्कोल्तामधल्या एका रिकाम्या पडलेल्या बँकेच्या इमारतीत ‘रविवारची तिजोरी’ नावाच्या सिनेमाचं शूटिंग लागलं. दिवे लावणाऱ्या लोकांचा मुकादम कुलास आमच्याच गल्लीतला, आते सुलाच्या चौदा लग्नांपैकी सातवं त्याचं. त्याने शब्द टाकला आणि चाळीस माणसांना दुपारचं जेवण पुरवायचं काम आते सुलाकडे आलं. सगळे तिला आते म्हणायचे, म्हणजे थोरली ताई. तिथल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यालाही ती थोरलीच वाटायची, कारण भात तिच्या हातात होता.

सिनेमा दरोड्याचा होता. एक देखणा चोर आणि एक देखणी चोर, दोघे रविवारी सगळं शहर प्रार्थनेला गेलेलं असताना बँक फोडतात आणि तिजोरीच्या खोलीत अडकून पडतात. बाहेर पोलीस आणि आत प्रेम. गोष्ट वाईट नव्हती. गाड्या छान उडत होत्या, तिजोरी तर इतकी भारदस्त बनवली होती, की पहारेकरी जाता येता तिला सलाम ठोकायचा. आणि चोरांच्या कामात होते आर्विन आणि दिव्हिना. त्यांची जोडी चार वर्षं गाजत होती. लोकांनी त्यांची नावंसुद्धा जोडून टाकली होती, आर्विना. वह्यांवर आर्विना, साबणाच्या जाहिरातीत आर्विना. देशाने त्यांचं लग्न मनातल्या मनात कधीच लावून टाकलं होतं, फक्त त्या दोघांना कळवायचं राहिलं होतं.

अडचण एवढीच, की त्या दोघांत काही म्हणजे काही नव्हतं. भांडण असतं तरी दिग्दर्शकाने त्यातून धग काढली असती. हे दोघे एकमेकांशी सभ्यपणे वागायचे. तिजोरीत कोंडले गेल्यावर तो तिचा चेहरा हातात घेतो असा प्रसंग होता; आर्विनने तो असा घेतला, की जणू कलिंगड पिकलंय का ते बघतोय. आणि तिजोरीच्या आकड्यांच्या डायलवर त्याचा हात तिच्या हातावर पडतो, तो प्रसंग नऊ वेळा घेतला, तरी एकाच वांग्याला दोन गिऱ्हाइकांनी हात घातल्यासारखंच दिसत राहिलं.

दिग्दर्शकाचं नाव मेनांद्रो. सेटवर दिग्दर्शकाला दिरेक म्हणतात, म्हणून तो दिरेक मेनांद्रो. बारीक, पोटाचा पेशंट, फक्त तांदळाची पेज खाणारा. त्याला हवं होतं किलिग. प्रेमाचा प्रसंग बघताना पोरी ज्याच्यामुळे ओरडतात, शेजारणीच्या दंडाला चिमटे काढतात, अंगावर गोड काटा येतो, ते किलिग. ते असेल तर नुसती भिंत पडताना दाखवणारा सिनेमाही आमच्याकडे चालतो. नसेल तर खरं सोनं दाखवा, लोक जांभया देतात. दुसऱ्या आठवड्यात दिरेक मेनांद्रो पेजेची वाटी घेऊन आते सुलाच्या पातेल्यांपाशी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, की तुमची कीर्ती कुलासने सांगितली आहे. या दोघांचं काहीतरी करा.

आते सुलाने कंबर कसली. एका वाटीत दोन चमचे ठेवून पाहिले. आर्विनने स्वतःची वेगळी वाटी मागून घेतली. आर्विनने तुझ्यासाठी पपईची फोड राखून ठेवलीय, असं तिने चाळीसजणांसमोर जाहीर केलं. दिव्हिनाने आभार मानले आणि फोड रंगभूषेच्या मुलीला देऊन टाकली. शेवटी दिव्हिनालाच तिची दया आली असावी. भांडी आवरायला ती स्वतःहून आली आणि ताट पुसता पुसता म्हणाली, “आते, सोळाव्या वर्षापासून अख्खा देश आम्हाला चिडवतोय. माझी आई चिडवते, आमचे फादर चिडवतात. आता कुणी काही म्हटलं, की आपोआप हसू येतं चेहऱ्यावर. दात घासावे तसं. तो चांगला मुलगा आहे हो. पण त्याच्या डोक्यात बास्केटबॉल असतो आणि माझ्या डोक्यात झोप.”

आते सुलाला पहिल्यांदाच वाटलं, की चिडवणं जास्त शिजवलं तर त्याचा लगदा होतो. पण हा विचार तिने फार पुढे नेला नाही, कारण तोवर तिचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं.

ते दुसरीकडे म्हणजे मानोंग दोरो; मानोंग म्हणजे थोरला दादा. क्वियापोच्या चर्चजवळ रस्त्यावर त्याची किल्ल्यांची टपरी. तिजोरी कशी उघडतात ते आर्विनला शिकवायला त्याला आणला होता. साठी उलटलेला, उंच, कोरडा माणूस. आधी आईला आणि मग दृष्टी गेलेल्या बहिणीला सांभाळता सांभाळता त्याचं लग्न राहून गेलेलं. त्या दोघीही आता नव्हत्या. तो फार बोलायचा नाही, आणि बोलला तर जे असेल तेच बोलायचा. पहिल्या दिवशी त्याने चिंच घातलेलं माशाचं सार, आमचं सिनिगांग, संपवलं, वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, की सार चांगलं आहे, आंबट कमी आहे.

इतक्या वर्षांत आते सुलाच्या सिनिगांगला कुणी नाव ठेवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने दुप्पट चिंच ओतली. त्याने तितक्याच शांतपणे सांगितलं, की आज जास्त झालं. तिसऱ्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून त्याच्या समोर उभीच राहिली. त्याने घोट घेतला आणि म्हणाला, की आज बरोबर आहे. मग त्याने आणखी मागितलं. त्या संध्याकाळी घरी जाताना जीपनीत, म्हणजे आमच्याकडच्या लांबड्या जीपच्या बसमध्ये, आते सुला दोन थांबे पुढे गेली, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

चौथ्या दिवसापासून माशाचं डोकं मानोंग दोरोच्या वाटीत जायला लागलं. आते सुलाला यात काही विशेष वाटलं नाही, पण कुलासला वाटलं. सातव्या लग्नाचा सूड घ्यायला तो बारा वर्षं टपून बसला होता. “आते,” तो शिडीवरून ओरडला, “माशाची डोकी रोज मानोंगच्याच वाटीत उड्या मारतात, ती त्याची नातेवाईक आहेत का?”

झालं. चाळीस माणसांना काम मिळालं. आर्विना गेली खड्ड्यात; दोघांची नावं जोडून ‘दोसुला’ तयार झालं. रंगभूषेची मुलगी मानोंग आला, की हातातली पावडर टाकून गाणं म्हणायची. दिव्हिनासुद्धा झोप विसरून आते सुलाच्या केसात फूल खोचून जायची. ज्या गोष्टीपायी दिरेक मेनांद्रोला दोन आठवडे पेज गोड लागली नव्हती, ती त्याच्या सेटवर पातेल्यांच्या बाजूला फुकट उकळत होती, आणि तो हताशपणे बघत होता.

आते सुला शिस्तीत नाही म्हणत राहिली. चमचे आपटले, कुलासच्या शिडीला लाथ घातली, मानोंगला मुद्दाम काट्यांचा तुकडा वाढला. मनातून तिला बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. नऊ वर्षांत तिच्याकडे कुणी त्या नजरेने पाहिलं नव्हतं. लोक तिला वजनकाट्यासारखं वापरत होते, इतरांची प्रेमं मोजायला. मानोंग दोरो मान खाली घालून जेवायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे. आते सुला या विषयातली जाणकार होती. लाल कान तिने ओळखले.

मग तो गुरुवार आला. जेवणाच्या सुट्टीत कुलासने दिव्याचा झोत दोघांवर सोडला आणि सगळ्यांच्या वतीने विचारलं, की आते, तारीख काढायची का? चाळीस माणसं घास हातात धरून थांबली. आते सुलाला वाटलं, आता नकार असा द्यायचा, की गल्लीत वीस वर्षं नाव निघालं पाहिजे.

“याच्याशी?” ती म्हणाली. “जन्मभर ज्याने दुसऱ्यांची दारं उघडली आणि ज्याच्यासाठी कुणी आपलं एक दार उघडलं नाही, असल्या माणसाला घेऊन मी काय करू? मोडकं कुलूपसुद्धा कुणी घरात ठेवत नाही. मला माझी मांजर पुरे.”

बँकेची इमारत दणाणून गेली. रंगभूषेची मुलगी खुर्चीवरून पडली. एवढा मोठा नकार कुणी आयुष्यात ऐकला नव्हता. लग्न ठरल्यातच जमा होतं. आते सुलाचा स्वतःचाही ऊर भरून आला. तेवढ्यात तिचं लक्ष गेलं, मानोंग दोरो उठला होता. त्याने आपली वाटी नळावर नेली, स्वतः धुतली, उलटी करून ठेवली आणि तिजोरीकडे निघून गेला. त्याचे कान लाल नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याने जेवण घरून आणलं. पत्र्याच्या डब्यात भात आणि भाजलेला सुका मासा. पायऱ्यांवर एकटा बसून त्याने ते खाल्लं. तिसऱ्या दिवशीही तेच. आते सुलाने सिनिगांगची वाटी भरून त्याच्या शेजारी ठेवून पाहिली; त्याने नम्रपणे मान झुकवली, आणि वाटी तशीच राहिली. चिडवणारे हळूहळू गप्प झाले. आपण बोललो ते शिस्तीतलं होतं, हे तिला ठाऊक होतं. पण तिने जे बोट ठेवलं होतं ते खऱ्या दुखण्यावर ठेवलं होतं, आणि दुखण्याला शिस्त समजत नाही. रात्री तिला झोप लागेना. हा माणूस आठवड्याने क्वियापोला परत जाईल आणि मग पातेल्यात बरोबर किती चिंच पडलीय हे सांगणारं कुणी उरणार नाही, या विचाराने तिला रडू आलं, आणि छप्पन्नाव्या वर्षी आपण चिंचेवरून रडतोय म्हणून स्वतःचा रागही आला.

आमच्याकडे अशा वेळी मध्ये माणूस घालतात. तिने दिव्हिनाला घातली. देशातल्या सगळ्यात लाडक्या नटीला किल्लीवाल्याकडे निरोप्या म्हणून धाडणारी आते सुला पहिलीच असेल. दिव्हिना गेली, पायऱ्यांवर त्याच्याशेजारी पाच मिनिटं बसली आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आली.

“मी सांगितलं, आते गंमत करत होत्या. तर ते म्हणाले, आवाज मोठा होता, शब्द स्वच्छ होते, मला नीट ऐकू आलं. मी म्हटलं, आपल्याकडे नाही म्हणजे हो असतं. तर म्हणाले, मग हो म्हणायचं असेल तर माणूस काय म्हणतो?” दिव्हिनाने मान हलवली. “आते, मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का?”

आते सुला पातेलं घासायला वळली.

मानोंग दोरोच्या कामाचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी आर्विन आणि दिव्हिना एका मॉलमध्ये चाहत्यांसमोर हात हलवायला गेले, आणि दिरेक मेनांद्रोने ठरवलं, की डायलवरचा तो वांग्याचा प्रसंग आता दुसऱ्याच हातांनी उरकायचा. चेहरे दिसायचे नाहीत, फक्त हात, मोठे करून. आवाज घ्यायचा नाही, वर संगीत येईल. आर्विनच्या जागी मानोंगचे हात ठरलेलेच होते. दिव्हिनाच्या जागी कोण? रंगभूषेची मुलगी नखं कुरतडणारी. कपडेवालीच्या बोटाला सुई लागून पट्टी बांधलेली. कुलास शिडीवरून म्हणाला, की आतेची बोटं लांब आहेत. आणि हाताचं वय किती ते दिवा ठरवतो, तर दिवा माझ्याकडे आहे. यावेळी तो चिडवत नव्हता.

तिच्या हातावर पावडरीची दोन पुटं चढली, तेलाने पोळल्याचे डाग झाकले गेले. बोटात पोन्सोची अंगठी होती. दिव्हिनाच्या बोटात ती नसते, म्हणून काढायला हवी होती. नऊ वर्षांत काढलेली नव्हती. खोबरेल तेल लावल्यावर निघाली. आते सुलाने ती एप्रनच्या खिशात ठेवली आणि मनात पोन्सोची माफी मागितली, आणि तिला वाटलं, की पोन्सो असता तर तोच सगळ्यांत मोठ्याने ओरडला असता.

ती डायलवर हात ठेवून उभी राहिली. मागून मानोंगचा हात तिच्या हातावर आला. त्याला कामाच्या पलीकडे काही बोलायचं नव्हतं. उजवीकडे चाळीस, त्याने हळू आवाजात सांगितलं, मग डावीकडे आठ, मग उजवीकडे सतरा, आणि सतरावर थांबायचं. दोनदा सराव झाला. दोन्ही वेळा त्याचा हात सतरावर असा थांबला, की जणू डायलच थकून उभं राहिलं असावं. चाळीस वर्षांत हा हात एका रेघेनेही चुकला नसेल, असं दिरेक मेनांद्रो कौतुकाने म्हणाला. मग कॅमेरा सुरू झाला.

चाळीस झालं. आठ झालं. आते सुलाला समजलं, की सतरा झालं की हा हात उचलला जाणार आणि क्वियापोला जाणार. भोवती तेच चाळीसजण उभे होते.

“मानोंग,” ती डायलकडे बघत म्हणाली, “त्या दिवशी मी वाईट बोलले आणि खोटं बोलले. मला तुम्ही आवडता. तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं.”

बोलून झाल्यावर तिने डोळे मिटून घेतले, कारण लाजेने तिला दुसरं काही करता येईना. कुणी ओरडलं नाही. कुणी गाणं म्हटलं नाही. चिडवायला नकार लागतो. सरळ होकाराचं काय करायचं ते चाळीस माणसांपैकी एकालाही शिकवलेलं नव्हतं. कुलास आपल्या दिव्याकडे बघत राहिला. आपला हात थरथरतोय असं आते सुलाला जाणवलं आणि प्रसंग बिघडला म्हणून तिला वाईट वाटलं. पण दिरेक मेनांद्रो अगदी हळू म्हणाला, की झालं, पुन्हा घ्यायची गरज नाही.

मानोंग दोरोने आपली हत्यारं फडक्यात गुंडाळली. निघताना तो तिच्यासमोर येऊन थांबला. तो रागावलेला नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

“आते, नाही म्हणालात तेव्हा हे सगळे होते. आज हो म्हणालात तेव्हाही हे सगळे आहेत. त्यातलं माझ्यासाठी कुठलं आणि यांच्यासाठी कुठलं, ते मला कळत नाही.”

तो गेला. पुढचे पाच महिने आमच्या गल्लीत कुणी कुणाला चिडवलं नाही. म्हणजे लोकांनी प्रयत्न केला, पण आते सुला सामील होईना, आणि तिच्याशिवाय चिडवणं म्हणजे नुसता आरडाओरडा. ती दोनदा क्वियापोला जायला निघाली. एकदा अर्ध्या वाटेत एस्पान्याला उतरून परत आली, एकदा जीपनीत चढलीच नाही. तिला भीती होती ती उत्तराची. तो माणूस नाही म्हणाला, तर ते नाहीच असणार. असं नाही कसं ऐकायचं हे तिला येत नव्हतं.

‘रविवारची तिजोरी’ एका बुधवारी लागला आणि शुक्रवारपर्यंत बहुतेक ठिकाणांहून उतरला. आर्विनाचे चाहते फलक घेऊन गेले होते, ते फलक गुंडाळून बाहेर आले. सगळ्यांचं एकच म्हणणं, गाड्या चांगल्या, तिजोरी चांगली, पण जोडीत जीव नाही. ते दोघे तिजोरीत अडकले त्यापेक्षा पोलीस अडकले असते तर बरं झालं असतं. आव्हेनिदा रस्त्यावरच्या एका जुन्या थेटरात दुपारचा खेळ तेवढा उरला होता. शुक्रवारी आते सुलाने खानावळ बंद ठेवली आणि एकटीच गेली. आपण काय बघायला जातोय हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

आत तीसेक माणसं, त्यातली निम्मी गारव्याला येऊन झोपलेली. पडद्यावर आर्विन आणि दिव्हिना एकमेकांना न आवरणारं प्रेम सांगत होते आणि दोघांनाही ते छान आवरत होतं. पुढच्या रांगेत दवाखान्यातल्या पांढऱ्या गणवेशातल्या दोन मुली शेंगदाणे सोलत होत्या. मग डायल आलं आणि त्यावर हात आले, दरवाजाएवढे मोठे.

चाळीस झालं. आठ झालं. पुढची जागा आते सुलाने लगेच ओळखली, कारण पडद्यावर तिचं मधलं बोट जरा ताठ झालं. इथे ती बोलली होती. वर व्हायोलिन वाजत होतं. तिने तेव्हा मिटलेले डोळे आता उघडे ठेवले आणि तिला दिसलं, की तिचा हात थरथरतच नव्हता. पातेलं धरल्यासारखा तो जागच्या जागी होता. थरथरत होता तो वरचा हात. त्याचा अंगठा उचलला गेला, हवेत राहिला, आणि मग तिच्या मनगटावर आला, आणि डायल फिरत राहिलं. सतरा गेलं. अठरा गेलं. वीस गेलं. तेवीसवर जाऊन हात कसाबसा थांबला. दार तरीही उघडलं, कारण ते मागून कुणीतरी दोरीने ओढलं होतं.

पुढच्या मुली किंचाळल्या. एकीने दुसरीच्या दंडाला कचकचून चिमटा काढला, शेंगदाणे सांडले. झोपलेला एकजण उठून काय झालं म्हणून विचारू लागला. “बघ,” एक मुलगी दुसरीला म्हणाली, “लोक काहीही बोलतात. हे असं खोटं करता येतं का कुणाला?” आयुष्यभर किंकाळ्या पारखलेल्या आते सुलाने ती किंकाळी ऐकली. पुढचा सिनेमा तिने पाहिला नाही.

आव्हेनिदाहून क्वियापो चालत जाता येतं. शुक्रवार होता. काळ्या नाझारेनोच्या, म्हणजे क्रूस वाहणाऱ्या काळ्या येशूच्या मूर्तीच्या दर्शनाला अर्धं मनिला तिथे लोटलेलं. मेणबत्त्या, सांपागिता म्हणजे मोगऱ्याचे हार, औषधी पाले विकणारे, आणि माणसावर माणूस. एकांतात दोन शब्द बोलायला जगात याहून वाईट वार आणि जागा नसेल. टपरीसमोर तीन माणसं होती. आते सुला त्यांच्या मागे उभी राहिली. तिचा नंबर लागला तेव्हा तिच्या मागेही एक बाई गंजलेली किल्ली घेऊन आली होती. मानोंग दोरोने मान वर न करता विचारलं, की कसली किल्ली हवीय?

“किल्ली नको,” ती म्हणाली. “सिनेमा बघितला. सतरावर थांबायचं होतं. तुम्ही तेवीसपर्यंत गेलात.”

त्याच्या हातातली कानस थांबली.

“मला वाटलं, कुणाला दिसणार नाही,” तो म्हणाला.

“इथे माझ्या ओळखीचं कुणी नाही, मानोंग. ना गल्लीतलं, ना सेटवरचं. मी तेच परत सांगायला आले आहे. मला तुम्ही हवे आहात. आता तुम्ही काय ते सांगा, आणि जे असेल तेच सांगा.”

त्याने वर पाहिलं. त्याचे कान कसे होते हे बघायचं ती विसरली.

“हो,” मानोंग दोरो म्हणाला.

मागच्या बाईने विचारलं, की तुमचं झालं असेल तर जरा सरकता का, आणि आते सुला टपरीच्या आतल्या बाजूला सरकली.